अवकाशयानामागचे अदृश्य हात : आपल्या कारागिरांनी व व्यापाऱ्यांनी घ्यावयाचा धडा

२४ सप्टेंबर २०१४ रोजी भारताचे मंगळयान मंगळाच्या कक्षेत पोहोचले. त्या दिवशीचे एक छायाचित्र जगभर गाजले. रेशमी साड्या नेसलेल्या, केसांत गजरे माळलेल्या काही स्त्रिया बंगळूरच्या इस्रो केंद्रात आनंदाने एकमेकींना मिठी मारीत आहेत, असे ते छायाचित्र होते. या पाहा भारताच्या महिला शास्त्रज्ञ, असे देशोदेशीच्या वर्तमानपत्रांनी लिहिले. पुढे इस्रोकडून खुलासा झाला. छायाचित्रातील त्या स्त्रिया प्रशासकीय विभागाच्या कर्मचारी होत्या. मोहिमेत महिला शास्त्रज्ञही पुष्कळ होत्या, पण त्या वेगळ्या. हा खुलासा होताच अनेकांचा उत्साह मावळला. "म्हणजे ऑफिसातल्या कारकूनच की," असे आमच्या दुकानात बसून बोलणारेही आम्ही ऐकले.

आम्ही कापडाचे व्यापारी. आमची नजर आधी साडीवर गेली हे खरे, पण नंतर मनात प्रश्न आला तो असा की, कारकुनाला हा आनंद करण्याचा हक्क नव्हता काय? सुमारे ४५० कोटी रुपयांची ती मोहीम. एवढ्या पैशाचा हिशेब कोणी ठेवला? हजारो सुटे भाग वेळेवर कोणी मागवले, उतरवून घेतले, मोजले, जपून ठेवले? देशाच्या निरनिराळ्या केंद्रांतून माणसे आणि सामान श्रीहरिकोट्याला कोणी पोहोचवले? शास्त्रज्ञाने कागदावर आकृती काढली आणि यान आपोआप उडाले, असे तर झाले नाही. ज्यांचे नाव कधी छापून येत नाही, अशा पाठीमागच्या खात्यांविषयी आज चार शब्द लिहावेत असे आम्हाला वाटते. कारण हीच कामे आपल्या कौमच्या हुनरमंद मुलांच्या हाताजवळची आहेत, आणि याच कामांना आपण घरात व दुकानात सर्वांत कमी इज्जत देतो.

चर्च, सायकल आणि बैलगाडी

भारताच्या अवकाश कार्याची सुरुवात केरळातील थुंबा या मच्छीमारांच्या गावी झाली. आपल्या तोंडवळी-तळाशीलसारखीच वाळूची पट्टी, माड आणि होड्या. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त तेथून जवळून जाते म्हणून डॉ. विक्रम साराभाई यांना ती जागा हवी होती. पण जागा हवी असणे आणि ती हाती येणे यांत केवढे अंतर असते, हे गाळ्यासाठी कागदपत्रे जमवणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक आहे. तेथे सेंट मेरी मॅग्डलीन चर्च होते, बिशपचे निवासस्थान होते, कोळ्यांची घरे होती. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी आपल्या लोकांना विश्वासात घेतले, जिल्हाधिकारी कार्यालयाने जमिनीचे काम पार पाडले, आणि मगच शास्त्रज्ञांना पाय ठेवायला जागा मिळाली. चर्चच्या इमारतीत रॉकेटची जुळणी होऊ लागली. बिशपच्या घरात कार्यालय थाटले गेले.

२१ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथून पहिले रॉकेट उडाले. रॉकेट अमेरिकेचे होते, नाव नायकी-अपाची. रॉकेटच्या जुळणीची व सुरक्षिततेची जबाबदारी मरहूम डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्याकडे होती. त्यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे की, रॉकेट उचलून तळावर बसवायच्या वेळी क्रेनला गळती लागली आणि ते कलू लागले. दुरुस्तीला वेळ नव्हता. तेव्हा हजर असलेल्या सर्वांनी हाताच्या जोरावर ते उचलून जागेवर बसवले. त्या काळचे सायकलवरून रॉकेटचा भाग नेतानाचे छायाचित्र पुष्कळांनी पाहिले असेल. १९८१ साली तर 'ॲपल' नावाचा उपग्रह चक्क बैलगाडीवर ठेवला गेला. अँटेनाची चाचणी घ्यायची होती आणि ट्रकच्या लोखंडामुळे तीत अडथळा आला असता, म्हणून लाकडी गाडी. ती गाडी भाड्याने ठरवणारा, बैल हाकणारा आणि उपग्रह दोरीने आवळून बांधणारा, यांच्यापैकी एकाचेही नाव आज कोणाला सांगता येत नाही. पण चाचणी त्यांच्यामुळे झाली.

खरेदी, भांडार आणि हिशेब

१५ ऑगस्ट १९६९ रोजी इस्रोची स्थापना झाली आणि १९७२ साली केंद्र सरकारने वेगळे अवकाश खाते निर्माण केले. तेव्हापासून इस्रोच्या केंद्रांत शास्त्रज्ञांच्या बरोबरीने प्रशासन, लेखा, खरेदी व भांडार, बांधकाम, वाहतूक, अग्निशमन अशी खाती चालत आली आहेत. पुढे निवडणूक आयुक्त म्हणून गाजलेले टी. एन. शेषन हेही सत्तरच्या दशकात अवकाश खात्यात सहसचिव होते.

खरेदी खात्याचे काम म्हणजे टेंडर काढून स्वस्त माल घेणे, एवढेच आपण समजतो. एक उदाहरण पाहावे. १९९१ साली भारताने क्रायोजेनिक इंजिनासाठी रशियाच्या ग्लावकॉसमॉस या संस्थेशी करार केला. १९९२ मध्ये अमेरिकेने निर्बंध लादले. १९९३ मध्ये रशियाने तंत्रज्ञान देण्याचे नाकारून फक्त तयार इंजिने देण्याचे मान्य केले. आता स्वतःचे इंजिन घडवायचे तर विशिष्ट धातू, झडपा, उपकरणे कोठून आणायची? जे बाहेरून मिळत नाही ते देशात कोण बनवून देईल? हा शोध खरेदीवाले आणि तंत्रज्ञ यांनी मिळून घ्यायचा असतो. अशा वाटेने जाऊन ५ जानेवारी २०१४ रोजी स्वदेशी क्रायोजेनिक इंजिनाचे पहिले यशस्वी उड्डाण झाले. आपल्या महाराष्ट्राचाही या कामात मोठा वाटा आहे. विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात 'विकास' इंजिने बनतात, पुणे जिल्ह्यातील वालचंदनगरला रॉकेटच्या मोटरची आवरणे बनतात.

भांडाराची गोष्टही तशीच. सुरतेहून गाठ आली आणि बिल्टी आली नाही, तर आमचा माल ट्रान्सपोर्टच्या गोदामात अडकून पडतो. रॉकेटच्या भागाबरोबर तर त्याची सारी जन्मपत्रिका यावी लागते. धातू कोणत्या लॉटचा, कोणी घडवला, कोणत्या तारखेला कोणी तपासला, हे सर्व नोंदीत असावे लागते. कागद नसलेला भाग कितीही चांगला दिसला तरी तो यानात बसवता येत नाही.

आणि करारनाम्याचे काय? २००५ च्या जानेवारीत इस्रोच्या अँट्रिक्स या व्यापारी कंपनीने देवास मल्टिमीडिया या कंपनीशी उपग्रहाच्या लहरींबाबत करार केला. २०११ मध्ये सरकारने तो रद्द केला. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने अँट्रिक्सवर ५६ कोटी डॉलरहून अधिक भरपाई बसवली. पुढे जानेवारी २०२२ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने करारात फसवणूक झाल्याचे मान्य करून देवास कंपनी गुंडाळण्याचा निर्णय कायम केला आणि त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने ती भरपाईही रद्द ठरवली. तरीही परदेशातील न्यायालयांत या प्रकरणाचे खेटे घालावे लागलेच. या सगळ्यात एकही स्क्रू ढिला नव्हता, एकही इंजिन बंद पडले नव्हते. जे बिघडले ते कागदावर बिघडले. ज्या व्यापाऱ्याने भागीदारीचे कागद न करता तोंडी व्यवहार केला आणि नंतर भावाभावांत कोर्टकचेरी पाहिली, त्याला हे जास्त समजावून सांगण्याची गरज नाही.

तपासणीतून सुटलेला एक भाग

१० जुलै २००६ रोजी श्रीहरिकोट्याहून जीएसएलव्ही रॉकेट इन्सॅट-४सी उपग्रह घेऊन उडाले आणि मिनिटभरातच नष्ट झाले. चौकशीत असे दिसून आले की, बाजूच्या चार इंजिनांपैकी एकातील इंधनाचा प्रवाह नियंत्रित करणारा भाग सदोष होता. घडवताना अनवधानाने चूक राहिली असावी, आणि ती नंतरच्या तपासणीतूनही सुटली, असा निष्कर्ष निघाला. रॉकेटचा आराखडा बरोबर होता, गणिते बरोबर होती. कारागिराच्या हातून मापात फरक पडला आणि तपासनिसाच्या नजरेतून तो निसटला. त्या उपग्रहाच्या जागी दुसरा पाठवण्यास २ सप्टेंबर २००७ उजाडले.

याची उलट बाजूही पाहावी. १५ जुलै २०१९ रोजी चांद्रयान-२ उडण्यास ५६ मिनिटे राहिली असताना बिघाड लक्षात आला आणि उड्डाण थांबवण्यात आले. राष्ट्रपती पाहायला आलेले, सारा देश टीव्हीसमोर बसलेला. तरी "चालून जाईल" असे कोणी म्हटले नाही. दुरुस्ती होऊन २२ जुलैला यान सुखरूप उडाले.

हजरत दाऊद अलैहिस्सलाम हे पैगंबर असून लोखंडाची चिलखते बनवीत, आणि कड्यांचे माप नीट राखण्याची ताकीद त्यांना असल्याचा उल्लेख कुरआन शरीफमध्ये आहे. माप राखणे ही आपल्याकडे इबादतीच्या जवळची गोष्ट आहे. मग "एवढे कोण बघतो" हे वाक्य आपल्या कारखान्यांतून इतक्या सहज का ऐकू येते, याचा विचार करावा.

ताणाबाणा चंद्रापर्यंत

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या विणकर बांधवांना वाटेल की रॉकेटशी आपला काय संबंध? संबंध आहे. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला. त्या अमेरिकन अपोलो यानातील संगणकाची स्मृती अक्षरशः विणलेली होती. बारीक चुंबकीय कड्यांमधून तांब्याची तार ओवायची. तार कडीतून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. हे काम वॉल्थॅम शहरातील रेथिऑन कारखान्यात स्त्रिया करीत. त्यांतल्या कित्येकींचा हात कापड गिरण्यांत तयार झालेला होता. एक तार चुकली तर हिशेब चुकणार, म्हणून तिथे गणितज्ञाइतकाच विणकरणीच्या बोटांवर भरवसा ठेवावा लागला. चंद्रावर घातलेला पोशाखही स्त्रियांची अंतर्वस्त्रे बनवणाऱ्या कंपनीने शिवला. शिवणाऱ्या बायका त्याच, फक्त माप अधिक काटेकोर आणि आत विसरलेल्या एका टाचणीलाही माफी नाही.

आपल्याकडे गगनयान मोहिमेत माणसे अवकाशातून परत येताना समुद्रात उतरावयाची आहेत. त्यांचा वेग कमी करण्यासाठी एकंदर दहा पॅराशूट ठेवलेली आहेत, त्यांत तीन मोठी. ही पॅराशूट आग्र्याच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेत तयार होतात. २१ ऑक्टोबर २०२३ च्या चाचणीत आणि पुन्हा २४ ऑगस्ट २०२५ च्या चाचणीत ती नीट उघडली. शेवटी माणसाचा जीव कशावर तोलला आहे? कापडावर, दोरीवर आणि शिलाईवर. उपग्रहाच्या अंगावर सोनेरी दिसणारे जे आवरण असते, तेही मुलामा दिलेल्या पातळ पडद्यांचे थर असतात. मध्ये बारीक जाळी घालून ते उपग्रहाच्या मापाने कापावे व जोडावे लागतात. ज्याला कापड बेतणे येते, त्याला यातली मेहनत लगेच कळेल.

मालवणच्या बंदरापर्यंत

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. ओशनसॅट मालिकेचा पहिला उपग्रह २६ मे १९९९ रोजी, दुसरा २००९ मध्ये आणि तिसरा २६ नोव्हेंबर २०२२ रोजी गेला. समुद्राच्या पाण्याचा रंग आणि तापमान पाहून मासा कोठे मिळण्याचा संभव आहे, हे उपग्रहांच्या माहितीवरून ठरवता येते. हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था त्यावरून मच्छीमारांसाठी सूचना काढते, मराठीतही काढते. आकाशात ढग असले तर ही माहिती मिळत नाही, ही तिची मर्यादा.

मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या तांडेलापर्यंत ही सूचना पोहोचायची तर वाट केवढी लांब आहे पाहा. उपग्रहाकडून जमिनीवरच्या केंद्राकडे, तेथून हैदराबादला, तेथून मराठीत भाषांतर होऊन फोनवर किंवा बंदरावरच्या फलकावर. यांतला शेवटचा माणूस, ज्याने फलक लिहायचा किंवा संदेश पुढे पाठवायचा, तो त्या दिवशी जागेवर नसेल, तर कोट्यवधींचा उपग्रह तांडेलाच्या काय कामाचा? वादळाच्या वेळी तर हा प्रश्न जिवाचा होतो. नोव्हेंबर २००९ चे फयान आणि मे २०२१ चे तौक्ते आपला किनारा विसरलेला नाही. वादळाचे चित्र उपग्रह देतो, पण खोल समुद्रातील नौकेला "परत फिरा" हा निरोप मिळाला तरच माणूस वाचतो.

यासाठीच इस्रोने विकसित केलेली संदेशयंत्रे एक लाख मासेमारी नौकांवर बसवण्याच्या योजनेचा प्रारंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे झाला. किनाऱ्यापासून दूर, मोबाइल चालत नाही तेथेही यातून निरोप देता-घेता येतो. यंत्र दिल्लीहून येईल, पण ते नौकेवर घट्ट बसवणे, खाऱ्या हवेत त्याची वायरिंग आणि बॅटरी सांभाळणे, बिघडले तर त्याच दिवशी दुरुस्त करणे, हे काम कोणी तरी बंदरावरच करावे लागेल. आमच्या मते येथे आपल्या दोन-चार इलेक्ट्रिशियन मुलांची रोजीरोटी उभी राहू शकते.

मुलांना काय सांगावे?

आपल्या समाजात मुलगा डॉक्टर, इंजिनिअर झाला तर मिठाई वाटतात. फिटर झाला तर लग्नाच्या बोलणीत ते हळूच सांगतात. तोच फिटर आखातात गेला की त्याची इज्जत वाढते. आमच्या ओळखीत आखातातील कंपन्यांत फिटर, वेल्डर, स्टोअरकीपर म्हणून नाव कमावलेली कितीतरी कोकणी मुले आहेत, पण त्यांच्यापैकी एकानेही इस्रोसाठी अर्ज केल्याचे आम्ही ऐकले नाही. तेथे फक्त शास्त्रज्ञच लागतात अशी समजूत आहे.

वस्तुस्थिती अशी आहे की, दहावीनंतर आय.टी.आय. केलेल्या फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन मुलांसाठी इस्रोची केंद्रे 'टेक्निशियन' पदे भरतात. प्रथम श्रेणीत डिप्लोमा झालेल्यांसाठी 'टेक्निकल असिस्टंट' पदे असतात, आणि डिप्लोमासाठी मालवणातच शासकीय तंत्रनिकेतन आहे. पदवीधरांसाठी सहायक, लेखा, खरेदी व भांडार या विभागांत जागा निघतात. वाहनचालक, आचारी, फायरमन यांच्याही जाहिराती येतात. जागा थोड्या असतात आणि अर्ज पुष्कळ येतात, हे खरे. पण निवड परीक्षेने होते. "आपल्याला कोण घेणार" म्हणून अर्जच न करणे म्हणजे स्वतःच स्वतःला नापास करणे होय. सूर्याच्या अभ्यासासाठी २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेल्या आदित्य-एल१ मोहिमेच्या प्रकल्प संचालक निगार शाजी या तमिळनाडूतील सेंगोट्टईच्या मुस्लिम कुटुंबातील आहेत, हेही मुलींना अवश्य सांगावे.

कारखानदार बांधवांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. केंद्र सरकारची खाती व उपक्रम यांनी वार्षिक खरेदीपैकी २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी असे धोरण आहे. २०१२ मध्ये ते २० टक्क्यांनी सुरू झाले आणि २०१८ मध्ये वाढले. त्यासाठी उद्यम नोंदणी लागते; ती विनामूल्य आहे, दलालाला पैसे देऊ नयेत. नोंदणी असलेल्या उत्पादकाला टेंडरची अनामत रक्कम भरण्यातूनही सूट मिळते. आम्हा खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना मात्र जुलै २०२१ पासून नोंदणी खुली झाली असली तरी तिचा लाभ बँकेच्या कर्जापुरताच आहे. तेव्हा ज्याच्याकडे लेथ, शिलाई यंत्र किंवा माग आहे, त्याने हा फायदा सोडू नये.

घरचा आधार

डॉ. कलाम यांना मद्रासच्या एम.आय.टी.त प्रवेश मिळाला तेव्हा फीसाठी सुमारे हजार रुपये हवे होते. वडील रामेश्वरचे नौकावाले, घरात एवढी रक्कम नव्हती. त्यांची बहीण जोहरा यांनी आपल्या सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण ठेवली. भारताच्या अवकाश कार्यक्रमाच्या हिशेबात ती रक्कम कोठेही लिहिलेली नाही. पण ज्या आधारावर सारे उभे राहिले, त्यांत तीही आहे.

आता प्रत्येकाने आपल्या दुकानात पाहावे. गल्ल्यावर आपण बसतो, नावाची पाटी आपली असते. पण पहाटे गाडी आली की गाठी उतरवणारा हमाल, गोदामात ठाणांची मोजदाद ठेवणारा पोरगा, जी.एस.टी.ची बिले लावणारा मुनीम, फाटका तागा वेळीच बाजूला काढणारा नोकर, यांच्यावर दुकान चालते. धंदा मंदावला की पहिली कात्री यांच्या पगाराला लागते, आणि ईदच्या हंगामात नफा झाला की शेवटची आठवण यांचीच होते. मजुराचा घाम वाळण्याआधी मजुरी द्यावी ही आपल्या दीनची शिकवण आहे. मजुरीबरोबर त्याच्या हुनरची कदरही तितक्याच वेळेवर व्हावी.

रापणीचा दोर ओढणाऱ्या प्रत्येकाला मासळीत वाटणी मिळते. मासा जाळ्यात कोणाच्या बाजूने शिरला, असे किनाऱ्यावर कोणी विचारीत नाही. हाच हिशेब आपण आपल्या पेढीत आणि आपल्या मुलांच्या तालमीत लावला, तर त्यात बरकत आहे, इन्शाअल्लाह.